‘गाइड कसे आहेत?’ याच्या आधी विचारायचा प्रश्न



नेटचा किंवा पेटचा निकाल लागला की ज्युनिअर मंडळींकडून मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो. अमुक सर कसे आहेत? तमुक मॅडम फार कडक आहेत का? जर्मनीत गाइड जास्त सांभाळून घेतात की अमेरिकेत? जपानमध्ये रात्रभर लॅबमध्ये बसवतात हे खरं का?

प्रश्न चुकीचे नाहीत. पाच-सहा वर्षं ज्या माणसाच्या हाताखाली काढायची, त्याचा स्वभाव विचारायलाच हवा. पण या सगळ्या प्रश्नांत आपण एक गोष्ट गृहीत धरतो, ती म्हणजे लॅबमधलं वातावरण गाइडच्या स्वभावातून येतं. माझं म्हणणं असं की त्यातलं निम्म्याहून जास्त तुमच्या गाइडच्या जन्माच्याही आधी ठरलेलं असतं. पैसा कोणाच्या नावावर येतो, एका विषयाला किती प्रोफेसर असतात, तुमच्या गाइडची स्वतःची नोकरी पक्की आहे का, सही कोणाची चालते, या गोष्टी त्या त्या देशात कधीतरी, काहीतरी कारणाने ठरल्या. स्वभाव त्या चौकटीत वावरतो.

मी विज्ञानाची विद्यार्थिनी, प्रथिनांवर काम करते. इतिहास हा माझा विषय नाही. पण आपण ज्या खोलीत आयुष्यातली चांगली वर्षं घालवतो, ती खोली कुठून आली हे शोधताना मला जे सापडलं, ते आज तुमच्यासमोर मांडते. चार देश, आणि मग आपण.

गीसेन, 1824: ‘ग्रुप’ नावाची गोष्ट

लिबिग कंडेन्सर तुम्ही बीएस्सीत वापरला आहे. ज्याच्या नावाने तो ओळखला जातो (त्याचा शोध मात्र त्याने लावलेला नाही), तो युस्टुस लिबिग 1824 मध्ये गीसेन या जर्मनीतल्या लहानशा गावी प्राध्यापक म्हणून आला. वय वर्षं 21. लॅबसाठी जागा मिळाली ती सैनिकांच्या रिकाम्या बराकीच्या पहारेकऱ्यांची.

त्या काळी रसायनशास्त्र शिकायचं म्हणजे एखाद्या मोठ्या माणसाच्या खाजगी लॅबमध्ये ओळखीने शिरायचं. एक-दोन शिष्य, फार तर. लिबिगने त्याऐवजी एकाच खोलीत अनेक विद्यार्थी उभे केले. हे शक्य झालं त्यामागे एक उपकरण होतं. सेंद्रिय पदार्थात कार्बन किती आहे हे मोजणं तेव्हा फार कसबाचं काम होतं, मुरलेल्या हातालाच जमायचं. 1831 मध्ये लिबिगने पाच फुग्यांची एक काचेची नळी वापरात आणली. पदार्थ जाळायचा, निघालेला कार्बन डायऑक्साइड त्या फुग्यांतल्या पोटॅशच्या द्रावणात शोषला जातो, नळीचं वजन किती वाढलं ते बघायचं. झालं. आता सामान्य विद्यार्थ्यालाही भरवशाचा आकडा काढता येऊ लागला.

यातून काय झालं बघा. पद्धत सगळ्यांची एक, पदार्थ प्रत्येकाचा वेगळा, आणि सगळ्यांच्या कामाची दिशा सांभाळणारा एक माणूस. लिबिगने नंतर स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलंय की रोज सकाळी प्रत्येक विद्यार्थी आदल्या दिवशी काय केलं आणि पुढे काय करावंसं वाटतं हे त्याला सांगायचा, आणि तो पसंती किंवा नापसंती कळवायचा. वाट मात्र प्रत्येकाने आपली आपण शोधायची. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम चाले. लॅबच्या नोकराची तक्रार एवढीच, की संध्याकाळी झाडलोट करायची तर ही मुलं बाहेरच निघत नाहीत.

ओळखीचं वाटतंय ना? सोमवारची ग्रुप मीटिंग, वीकली रिपोर्ट, रात्री दिवे न मालवणारी लॅब, सगळं इथे आहे. केकुले आणि हॉफमन हे याच खोलीतून शिकून गेले. हॉफमन 1845 मध्ये लंडनला गेला, तेव्हा ही पद्धतही त्याच्याबरोबर गेली.

एक विषय, एक खुर्ची

लिबिगची पद्धत जर्मन विद्यापीठांत पसरली ती तिथल्या एका जुन्या नियमावर बसून. एका विद्यापीठात एका विषयाला साधारणपणे एकच पूर्ण प्राध्यापक, म्हणजे ऑर्डिनारियस. संस्था त्याची, बजेट त्याचं, सहायक नेमायचे त्यानेच. बाकी सगळे त्याच्या हाताखाली.

या खुर्चीपर्यंत पोचायचं कसं? आधी डॉक्टरेट. मग हॅबिलिटेशन नावाचा दुसरा, मोठा प्रबंध. त्यानंतर तुम्ही प्रिव्हाटडोत्सेंट होणार, म्हणजे शिकवण्याचा हक्क मिळणार, पगार नाही. वर्गात बसणारे विद्यार्थी जी फी देतील ती तुमची. आणि मग एखाद्या विद्यापीठातून बोलावणं येईपर्यंत वाट बघायची. ते येईलच असंही नाही.

समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी नोव्हेंबर 1917 मध्ये म्युनिकमध्ये विद्यार्थ्यांसमोर ‘विज्ञान: एक पेशा’ या विषयावर व्याख्यान दिलं. ज्ञानाचा अर्थ काय, मूल्यं कुठून येतात, असे मोठे मुद्दे त्यात आहेत म्हणून ते गाजलं. पण सुरुवात त्यांनी कशाने केली, तर पगाराने. जर्मन तरुण आणि अमेरिकन तरुण यांच्या करिअरची तुलना. जर्मनीत घरचा पैसा असेल तरच इतकी वर्षं बिनपगारी तग धरता येते, अमेरिकेत पहिल्या दिवसापासून थोडा का होईना पगार मिळतो. पण अमेरिकन तरुणाला कामावरून काढता येतं आणि त्याच्या डोक्यावर तासांचा ढीग असतो. जर्मन माणूस एकदा आत आला की त्याला सहसा कोणी हलवत नाही. आणि मोठ्या विज्ञानसंस्थांमधला सहायक, वेबर म्हणतात, कारखान्यातल्या कामगारासारखा आहे. साधनं त्याची नाहीत, संस्थेची आहेत. संस्था चालवणाऱ्यावर तो पूर्ण अवलंबून.

हे शेवटचं वाक्य मी वाचलं तेव्हा आमच्या डिपार्टमेंटमधलं सेंट्रीफ्यूज डोळ्यांसमोर आलं. ते कोणाच्या प्रोजेक्टमधून घेतलंय यावर ते कोणाला कधी मिळेल हे ठरतं. शंभर वर्षं उलटली, मुद्दा तोच.

अशा खुर्चीसमोर विद्यार्थ्याने काय करायचं, याचं एक उदाहरण आपल्या पुण्याशी जोडलेलं आहे. इरावती कर्वे 1920च्या दशकाच्या शेवटी बर्लिनला पीएचडीसाठी गेल्या. संस्था होती कैसर विल्हेल्म सोसायटीची मानववंशशास्त्राची, आणि गाइड होते तिचे संचालक ऑयगेन फिशर. माणसाच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंत जो फरक असतो त्याचा वंशाशी संबंध असावा, अशी फिशर यांची धारणा होती. हेच फिशर पुढे नाझींच्या वंशविषयक धोरणाचे पाठीराखे झाले. इरावतीबाईंनी वेगवेगळ्या मानवसमूहांच्या कवट्या मोजल्या आणि निष्कर्ष लिहिला की असा संबंध दिसत नाही.

जरा थांबून विचार करा. परका देश, परकी भाषा, वर एकच खुर्ची, आणि त्या खुर्चीवरच्या माणसाच्या आवडत्या कल्पनेच्या विरुद्ध आकडे. दुसरा गाइड मागायची सोय नाही. त्यांनी आकडे जसे होते तसे ठेवले. पदवी मिळाली, त्या परत आल्या आणि पुढे डेक्कन कॉलेजमध्ये आयुष्यभराचं काम उभं केलं. यात त्यांचं धैर्य आहेच. पण संशोधनाची तयारी करणाऱ्याने दुसरी गोष्टही बघावी: मोजमापं त्यांनी स्वतः घेतली होती. ज्या रचनेत सगळी सत्ता वर असते, तिथे खालच्या माणसाचं बळ म्हणजे त्याची वही.

केंब्रिज: चहा, आणि संध्याकाळी सहाचं कुलूप

इंग्लंडमध्ये जर्मन पद्धत तशीच्या तशी रुजली नाही. केंब्रिजची कॅव्हेंडिश लॅब 1874 मध्ये सुरू झाली. 1884 मध्ये तिचा प्रमुख म्हणून जे. जे. थॉमसन यांना निवडलं, तेव्हा ते जेमतेम 28 वर्षांचे होते. खरा बदल झाला 1895 मध्ये. बाहेरच्या विद्यापीठाच्या पदवीधरांना संशोधनासाठी येऊ द्यायचं असं केंब्रिजने ठरवलं. त्या पहिल्या तुकडीत न्यूझीलंडहून आलेला अर्नेस्ट रदरफर्ड होता.

थॉमसन यांच्या काळात तिथे दुपारच्या चहाची प्रथा होती. बाहेरून आलेल्या, कोणत्याही कॉलेजच्या जुन्या वर्तुळात नसलेल्या मुलांना प्रमुखाशी रोज बोलायची ती हक्काची जागा होती.

पुढे 1919 मध्ये रदरफर्ड स्वतः प्रमुख झाले. आवाज मोठा, राग मोठा. रशियाहून आलेल्या प्योत्र कापित्सा यांनी त्यांचं नाव ‘मगर’ ठेवलं होतं. पण या मगरीच्या लॅबला संध्याकाळी सहाला कुलूप लागायचं. घरी जा आणि विचार करा, हे रदरफर्ड यांचं मत. याच लॅबमध्ये 1932 साली चॅडविक यांनी न्यूट्रॉन शोधला आणि कॉकक्रॉफ्ट-वॉल्टन जोडीने यंत्राने वेग दिलेल्या कणांनी अणुकेंद्र फोडलं. लॅबमध्ये किती तास बसलात यावरून कामाची प्रत ठरत नाही, याला यापेक्षा मोठा पुरावा मला माहीत नाही.

कापित्सांनी तिथे 1922 पासून एक क्लबही चालवला. सेमिनारच, पण बोलणाऱ्याला मध्येच अडवून प्रश्न विचारायची पूर्ण मुभा. इंग्लिश शिष्टाचारात हे बसत नव्हतं, म्हणून त्यासाठी मुद्दाम वेगळी जागा करावी लागली.

आता एक माणूस दोन लॅबमध्ये कसा वेगळा ठरतो ते बघा. कमला भागवत, म्हणजे दुर्गाबाई भागवतांची बहीण, आपण त्यांना कमला सोहोनी म्हणून ओळखतो. 1933 मध्ये मुंबई विद्यापीठातून बीएस्सीला पहिल्या आल्या आणि बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला अर्ज केला. संचालक होते सी. व्ही. रामन. अर्ज नाकारला गेला, कारण त्या मुलगी होत्या. त्या हटल्या नाहीत, जाऊन भांडल्या. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर: एक वर्ष परीक्षेवर राहायचं, गाइड सांगतील तितक्या उशिरापर्यंत काम करायचं, लॅबमधल्या मुलांचं लक्ष विचलित होऊ द्यायचं नाही. वर्षभराने रामन यांचं समाधान झालं आणि त्या नियमित विद्यार्थिनी झाल्या. डाळी आणि दुधातल्या प्रथिनांवर काम केलं, एमएस्सी घेतली.

1937 मध्ये त्या केंब्रिजला गेल्या, फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांच्या बायोकेमिस्ट्री विभागात. हॉपकिन्स यांच्याकडे तेव्हा बऱ्याच स्त्रिया संशोधन करत होत्या, त्या काळाच्या मानाने हे दुर्मीळ होतं. जागा शिल्लक नव्हती, तर डेरेक रिक्टर यांनी आपलं टेबल त्यांना दिवसा वापरायला दिलं. वनस्पतींच्या पेशींमध्येही सायटोक्रोम सी असतं हे त्यांनी दाखवलं. सव्वा वर्षाच्या आत छोटासा प्रबंध लिहून झाला आणि 1939 मध्ये पीएचडी मिळाली. विज्ञानात पीएचडी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्यांचं नाव घेतात.

बुद्धी तीच, मेहनत तीच. बंगळूरला त्यांना आधी स्वतःला सिद्ध करायचं होतं आणि मग काम. केंब्रिजला आधी टेबल मिळालं, सिद्ध काय करायचं ते कामाने केलं. म्हणून केंब्रिज स्वर्ग होतं असं समजू नका; त्या काळी त्या विद्यापीठात स्त्रियांना पूर्ण सदस्यत्व नव्हतं, ते 1948 पर्यंत मिळालं नाही. म्हणजे विद्यापीठाचा नियम एक आणि हॉपकिन्स यांच्या विभागाची रीत दुसरी. विद्यापीठ बघून अर्ज करताना हे लक्षात ठेवा: तुम्ही विद्यापीठात शिकता, पण राहता लॅबमध्ये.

अमेरिका: गाइडच्या हातावरचं घड्याळ

अमेरिकेने सुरुवात जर्मनीच्या नकलेने केली. 1876 मध्ये बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ निघालं ते संशोधनाला केंद्रस्थानी ठेवून, जर्मन नमुन्यावर. पण अमेरिकन विद्यापीठांत एका विषयाला एकच खुर्ची ठेवली नाही. डिपार्टमेंट केलं. त्यात अनेक प्रोफेसर, असोसिएट, असिस्टंट, आणि प्रत्येकाचं स्वतंत्र काम. तिशीतल्या असिस्टंट प्रोफेसरलाही स्वतःचे विद्यार्थी घेता येऊ लागले. जर्मनीत त्याच वयाचा माणूस दुसऱ्याच्या संस्थेत सहायक असायचा.

दुसरं वळण दुसऱ्या महायुद्धानंतरचं. जुलै 1945 मध्ये व्हॅनेव्हर बुश यांनी अमेरिकन राष्ट्राध्यक्षांना अहवाल दिला की सरकारने शांततेच्या काळातही मूलभूत संशोधनाला पैसा द्यावा. 1950 मध्ये नॅशनल सायन्स फाउंडेशन उभं राहिलं. पैसा येणार तो प्रस्ताव लिहिणाऱ्या संशोधकाच्या कामासाठी, तज्ज्ञांनी तपासून. त्यातूनच ‘पीआय’ हा शब्द रोजच्या बोलण्यात आला.

तिसरी गोष्ट टेन्यूअर. प्राध्यापकांच्या संघटनेने आणि कॉलेजांच्या संघटनेने 1940 मध्ये मिळून ठरवलेल्या तत्त्वांत उमेदवारीचा काळ सात वर्षांपेक्षा जास्त नसावा असं आहे. एवढ्या काळात नोकरी पक्की करा, नाहीतर दुसरीकडे जा.

या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवा. समजा तुम्ही अमेरिकेत नवीन असिस्टंट प्रोफेसरकडे गेलात. तो तुम्हाला नावाने हाक मारायला सांगेल, बरोबर पिझ्झा खाईल, तुम्ही त्याचं म्हणणं खोडलंत तरी चालेल. त्याच वेळी तुमचा स्टायपेंड बहुतेकदा त्याच्या ग्रँटमधून येतो, ग्रँट तीन-चार वर्षांची आहे, आणि टेन्यूअरचं घड्याळ त्याच्या हातावर टिकटिकतंय. त्यामुळे शनिवारी सकाळी ‘डेटा कुठपर्यंत आला?’ असा मेसेज आला तर तो दुष्ट आहे असं नाही. त्याची नोकरी तुमच्या जेलवर टांगलेली आहे. नावाने हाक मारणं म्हणजे उतरंड नसणं, असा गैरसमज आपली मुलं तिथे गेल्यावर पटकन करून घेतात. उतरंड असते, ती हाकेत नसते, बजेटमध्ये असते.

जपान: ‘सेन्सेई’ की ‘सान’?

जपाननेही जर्मनीकडे बघितलं, पण नेमकी उलटी गोष्ट उचलली. 1893 मध्ये टोकियोच्या इम्पीरियल युनिव्हर्सिटीत ‘कोझा’ पद्धत आली. कोझा म्हणजे एक खुर्ची आणि तिच्याखालची माणसं: वर एक प्रोफेसर, मग एक असोसिएट, मग सहायक, मग विद्यार्थी. असोसिएट वयाने चाळिशीचा असला तरी काम प्रोफेसरच्या विषयावर. वरचा निवृत्त झाला की खालचा वर सरकायची आशा. ही रचना इतकी टिकली की पदांची नावं आणि सहायकाचं काम बदलणारा कायदा लागू व्हायला 2007 साल उजाडलं.

पण याच देशात दोनदा कोणीतरी वेगळं ठरवलं. रिकेन ही संशोधनसंस्था 1917 मध्ये निघाली. 1922 मध्ये तिचे संचालक ओकोची मासातोशी यांनी मुख्य संशोधकाला विषय, माणसं आणि पैसा यांबाबत मोकळीक दिली. त्या सुमारास योशिओ निशिना हे रिकेनचे तरुण संशोधक युरोपात होते. 1923 ते 1928 ते कोपनहेगनला नील्स बोर यांच्याकडे राहिले. तिथे विशीतला पोरगाही बोर यांच्याशी हमरीतुमरीवर येऊन वाद घालायचा, हे त्यांनी पाहिलं. परत येऊन 1931 मध्ये त्यांनी रिकेनमध्ये स्वतःची लॅब काढली आणि ही रीत तिथे रुजवली. तोमोनागा 1932 मध्ये या लॅबमध्ये आले, साकाता शोइची हेही तिथलेच.

साकाता पुढे नागोया विद्यापीठात गेले. 1946 मध्ये, युद्धात हरलेल्या जपानमध्ये, नागोयाच्या भौतिकशास्त्र विभागाने स्वतःसाठी एक सनद लिहिली. विभागाचा कारभार लोकशाही तत्त्वावर चालेल आणि निर्णय विभागाच्या सभेत होतील, असं त्यात होतं. साकातांच्या ग्रुपमध्ये एकमेकांना ‘सेन्सेई’ म्हणायचं नाही, सगळ्यांना ‘सान’, अशी रीत पडली. आपल्याकडे सांगायचं तर ‘सर’ बंद, सगळ्यांना ‘राव’. याच विभागात शिकलेल्या कोबायाशी आणि मासकावा यांनी 1973 मध्ये निबंध छापला की क्वार्क किमान सहा असले पाहिजेत. तेव्हा तीनच धरून काम चालू होतं. 2008 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

‘सान’ म्हटल्यामुळे नोबेल मिळालं असं मी म्हणत नाही. विज्ञान शिकलेल्या माणसाने एका उदाहरणावरून कार्यकारणभाव काढू नये. पण जगातल्या सगळ्यांत उतरंडीच्या मानल्या गेलेल्या पद्धतीत राहून एका विभागाने कागदावर चार ओळी लिहिल्या आणि आपली रीत बदलली, एवढं नक्की. ‘तिकडचं कल्चरच तसं आहे’ असं म्हणून विषय मिटवता येत नाही तो यामुळे.

आणि आपण

आपल्याकडे या सगळ्याचं कडबोळं आहे. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा 1950 मध्ये सुरू झाली, तिचे पहिले संचालक मॅकबेन अमेरिकेच्या स्टॅनफर्डहून आलेले. दुसरे फिंच, लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचे, 1922च्या एव्हरेस्ट मोहिमेतले गिर्यारोहक. तिसरे वेंकटरामन, मुंबईच्या यूडीसीटीतून आलेले, पहिले भारतीय संचालक. तिकडे केंब्रिजला शिकलेल्या होमी भाभांनी 1945 मध्ये टीआयएफआर सुरू करताना आधी माणूस निवडायचा आणि मग त्याच्याभोवती काम वाढवायचं, हे धोरण धरलं. विद्यापीठांची परीक्षापद्धत इंग्रजी, डिपार्टमेंटची रचना बरीचशी अमेरिकन, प्रोजेक्टचा पैसा पीआयच्या नावावर, आणि रोजच्या वागण्यात ‘सर’ म्हणजे जुनी खुर्चीच.

या कडबोळ्याचा एक फायदा आहे: अनेक गोष्टी तुम्हाला निवडता येतात. म्हणून ‘गाइड कसे आहेत?’ याच्या आधी हे विचारा.

पहिलं, माझा पैसा कोणाच्या नावावर आहे? स्वतःची जेआरएफ असेल तर ती तुमची आहे. प्रोजेक्टवर नेमणूक असेल तर प्रोजेक्ट कधी संपतो ते आधी विचारा, आणि संपल्यावर काय, हेही.

दुसरं, गाइडची स्वतःची नोकरी कुठल्या टप्प्यावर आहे? नवीन माणसाला घाई असते आणि वेळही असतो. निवृत्तीला चार वर्षं उरलेल्या माणसाकडे अनुभव असतो, पण नवीन विद्यार्थी घेता येतील का, हे नियमांत बघावं लागतं. जर्मनीला जाणार असाल तर स्वतःच्या कराराची मुदत बघा. तिथल्या 2007च्या कायद्याने पीएचडीआधीची सहा आणि नंतरची सहा वर्षं अशी तात्पुरत्या करारांवर मर्यादा घातली आहे. (मेडिकलला नंतरची मुदत जास्त आहे.)

तिसरं, गाइडशी मतभेद झाले तर तिसरा माणूस कोण? यूजीसीच्या 2022च्या नियमांप्रमाणे दर सेमिस्टरला तुम्हाला संशोधन सल्लागार समितीसमोर जावं लागतं. बरेच जण ती सहीपुरती उरकतात. उरकू नका. इरावतीबाईंना ही सोय नव्हती.

चौथं, प्रश्न विचारायची जागा कुठे आहे? चहा, जर्नल क्लब, कॅन्टीन, काहीही चालेल. लॅब बघायला जाल तेव्हा गाइडशी बोलून झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याबरोबर खाली चहाला जा. ‘शेवटचं कधी तू त्यांना चूक म्हणालास, आणि मग काय झालं?’ एवढंच विचारा. उत्तरापेक्षा उत्तर देण्याआधी तो किती वेळ थांबतो ते बघा.

पाचवं, वही कोणाची? कच्चा डेटा कुठे राहतो, पेपरवर नावांचा क्रम कसा ठरतो, हे पहिल्या महिन्यात विचारणं उद्धटपणाचं नाही. तिसऱ्या वर्षी विचारणं मात्र भांडणाचं होतं.

ही सगळी उत्तरं मनासारखी मिळतील असं नाही. मनासारख्या नसलेल्या जागीही लोकांनी उत्तम काम केलंय, वरच्या गोष्टींत ते आलंच. फक्त आत जाताना माहीत असावं की कुठली भिंत गाइडच्या स्वभावाची आहे आणि कुठली इमारतीची. पहिली बोलून हलते कधीकधी. दुसरीला डोकं आपटण्यात अर्थ नसतो, तिथे दार कुठे आहे ते शोधायचं.

आणि दोन वर्षांत तुम्हीच सिनिअर व्हाल. नवीन आलेल्या मुलीला पहिल्या दिवशी टेबल मिळतं की आधी महिनाभर काचसामान धुवावं लागतं, सेमिनारला तिने हात वर केला तर तिच्याकडे कसं बघितलं जातं, हे त्या वेळी सर ठरवणार नाहीत. ते तुम्ही ठरवाल.

कुठल्या लॅबला अर्ज करताय ते कळवा. अर्जाच्या ईमेलमध्ये काय लिहावं आणि काय लिहू नये, यावर पुढच्या वेळी बोलू.